सीमाभागातल्या गावाची आरोग्य-मागणी आराखड्यात कशी घालायची

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, कणकुंबी-जांबोटीच्या डोंगरपट्ट्यात किंवा भीमगडच्या जंगलातल्या वस्त्यांत पेशंटला खांद्यावरून वाहून आणल्याची बातमी बहुतेक पावसाळ्यांत येते. फोटो छापून येतो, अधिकारी भेट देतात, आश्वासन मिळतं, पाऊस ओसरतो. निपाणी-चिकोडीकडे चित्र वेगळं आहे. तिथे रस्ता आहे, दवाखान्याची इमारतही आहे, पण डॉक्टर आठवड्यातून किती दिवस येतात हे गावाला ठाऊक नसतं. दोन्हीकडचे लोक मग एकच गोष्ट करतात: डीसी म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या ऑफिससमोर जाऊन निवेदन देतात.

निवेदन जरूर द्यावं. पण आरोग्य खात्याचा पैसा हलतो तो आराखड्यातल्या ओळीमुळे. त्या ओळी ज्या समित्यांत लिहिल्या जातात त्या आपल्या गावातच आहेत, कायद्याने किंवा सरकारी सूचनेने बनलेल्या आहेत, आणि त्यातल्या बऱ्याचशा फक्त सह्यांपुरत्या उरल्या आहेत. त्यांना कामाला लावायचं कसं, त्याची ही पद्धत. ती बेळगाव जिल्हा डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे. बिदर किंवा कारवार-हल्याळ-जोयडाकडच्या मराठी गावांनाही थोड्याफार फरकाने लागू पडेल.

कुणाच्या हातात काय आहे

२००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं आणि गावपातळीवर ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण समिती आली. पंचायतीचा सदस्य, शक्यतो महिला सदस्य, तिची अध्यक्ष असते. आशाताई सचिवाचं काम बघते. समितीत किमान पंधरा जण असावेत, निम्म्या महिला असाव्यात आणि बैठक महिन्याला व्हावी, असं सूचना सांगतात. समितीला वर्षाला १०,००० रुपयांचा मुक्त निधी, म्हणजे गरजेप्रमाणे तिनेच ठरवून खर्चायचा पैसा, असतो. रक्कम लहान आहे आणि ती दरवर्षी वेळेवर येतेच असं नाही. तरीही अडल्या-नडल्या पेशंटच्या गाडीभाड्याला, विहिरीच्या शुद्धीकरणाला किंवा दोन वस्त्यांसाठी एका बीपी मशिनला ती पुरते. हा निधी कुठे गेला हे विचारायचा हक्क गावातल्या प्रत्येकाला आहे.

त्यावरची पायरी उपकेंद्राची. 'आयुष्मान आरोग्य मंदिर' झालेल्या उपकेंद्राला जन आरोग्य समिती असते. पंचायत अध्यक्ष तिचे अध्यक्ष आणि तिथला समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे सगळे ज्याला सीएचओ म्हणतात तो, सचिव. इथे वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंत मुक्त निधी धरलेला असतो. प्राथमिक आरोग्य केंद्राला आणि तालुका रुग्णालयाला कर्नाटकात आरोग्य रक्षा समिती आहे. महाराष्ट्रात जिला रुग्ण कल्याण समिती म्हणतात तीच ही. केंद्रासाठी साधारण १,७५,००० रुपये, सामुदायिक आरोग्य केंद्रासाठी ५ लाखांपर्यंत, अशी ही तरतूद असते. तालुका रुग्णालयाच्या समितीत सहसा आमदार अध्यक्ष असतात. गळकं छप्पर, बिघडलेला इन्व्हर्टर, पेशंटच्या नातेवाइकांना बसायला बाक, प्रसूतिगृहातला गीझर ही कामं या समितीच्या ठरावाने होऊ शकतात. त्यासाठी बेंगळूरला जायची गरज नाही.

डॉक्टरचं नवं पद, नवं आरोग्य केंद्र, केंद्राचा दर्जा वाढवणं या गोष्टी मात्र गावसमितीच्या आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या, म्हणजे डीएचओंच्याही हातात नाहीत. त्या राज्य सरकारच्या मंजुरीने आणि अर्थ खात्याच्या होकाराने होतात. या दोन्हींच्या मधे जिल्हा आरोग्य सोसायटी बसते. तिच्यातर्फे जिल्ह्याचा आरोग्य कृती आराखडा बनतो, तो राज्याच्या आराखड्यात जातो आणि दिल्लीहून मंजूर होऊन येतो. फिरता दवाखाना, आशांची वाढीव संख्या, रुग्णवाहिका, कंत्राटी नर्स, प्रशिक्षण या सगळ्यांची जागा या आराखड्यात आहे.

एक अडचण आधीच सांगून ठेवतो. कर्नाटकातल्या जिल्हा आणि तालुका पंचायतींच्या सदस्यांची मुदत २०२१ मध्ये संपली आणि पुढच्या निवडणुका वर्षानुवर्षे रखडल्या. त्यामुळे ज्या समित्यांत जिल्हा पंचायत सदस्याने बसायचं, तिथे खुर्ची रिकामी किंवा प्रशासकाची. ग्रामपंचायतींच्या निवडणुकाही डिसेंबर २०२० मधल्या. तुमच्या पंचायतीत आज सदस्य आहेत की प्रशासक, हे पंचायत विकास अधिकाऱ्यांकडून, म्हणजे पीडीओंकडून आधी समजून घ्या, कारण अर्जावर कुणाचं नाव घालायचं ते त्यावरच ठरतं.

आधी वस्तीचा हिशोब मांडा

हे काम कंटाळवाणं आहे आणि सगळ्यात महत्त्वाचंही. दवाखान्याची मागणी घेऊन जाणाऱ्यांना पहिला प्रश्न येतो, लोकसंख्या किती? डोंगराळ आणि आदिवासी भागात उपकेंद्रासाठी ३,००० आणि प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी २०,००० लोकसंख्येचा निकष आहे. सपाट भागात तो अनुक्रमे ५,००० आणि ३०,०००. जंगलातल्या चाळीस-पन्नास घरांच्या वस्त्या या आकड्यांत कधीच बसत नाहीत, आणि फाईल तिथेच थांबते. म्हणून लोकसंख्येच्या शेजारी दुसरा आकडा ठेवावा लागतो: पोहोचायला लागणारा वेळ.

एका मोठ्या कागदावर पंचायतीतल्या सगळ्या वस्त्या काढा. प्रत्येक वस्तीसमोर लिहा: जवळचं उपकेंद्र, आरोग्य केंद्र आणि प्रसूतीची सोय असलेलं रुग्णालय किती मिनिटांवर आहे. मिनिटं दोनदा लिहायची, एकदा जानेवारीतली आणि एकदा जुलैमधली. कोणत्या ओढ्यावर पूल नाही, कुठे मोबाइलला रेंज नाही, शेवटची बस किंवा वडाप किती वाजता, हेही त्याच कागदावर हवं. रेंजचा मुद्दा लोक विसरतात. १०८ ची गाडी बोलावायची तर आधी फोन लागायला हवा. फोन लागण्यासाठी कुठल्या टेकाडावर चढावं लागतं ते नकाशावर दाखवलेलं असेल, तर अधिकाऱ्याला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

मग आशाताई आणि अंगणवाडी सेविकेकडे बसा. गरोदर बाया किती, येत्या पावसाळ्यात तारीख असलेल्या किती, बीपी-शुगरची गोळी चालू असलेले किती, क्षयाचे औषधोपचार चालू असलेले किती, अंथरुणाला खिळलेले किती. त्यांच्या रजिस्टरमध्ये हे बहुतेक सगळं असतं. इथे एक पथ्य पाळायचं: कागदावर फक्त संख्या उतरवायची, नावं नाहीत. गावात कुणाला टीबी आहे हे समितीच्या बैठकीत जाहीर झालं तर पुढच्या वेळी लोक आशाताईलाही खरं सांगणार नाहीत. रजिस्टर आशाताईकडेच राहू द्या.

गेल्या वर्षभरात गावात झालेले मृत्यू आणि थोडक्यात वाचलेले प्रसंग यांच्याबद्दलही बोला, पण ते वेगळ्या दिवशी, घरच्यांच्या परवानगीने आणि शांतपणे. माता आरोग्याचं काम करणारे तीन प्रकारचे उशीर मोजतात: घरात निर्णय घ्यायला झालेला, वाटेत झालेला आणि दवाखान्यात पोहोचल्यावर उपचार सुरू व्हायला झालेला. प्रत्येक प्रसंगात यातला कोणता उशीर झाला ते लिहा. ही वाटणी केली की मागणी आपोआप वेगवेगळ्या दारांकडे जाते. वाटेतल्या उशिराचं उत्तर पूल, गाडी, मुक्कामाची सोय. तिसऱ्या उशिराचं उत्तर तालुका रुग्णालयात भूलतज्ज्ञ आणि रक्त. जंगलातून बाई वेळेत खानापूरला पोहोचली आणि तिथून पुन्हा बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात पाठवली गेली, तर गावात उपकेंद्र बांधून तो प्रश्न सुटत नाही.

तक्रारीतून मागणी काढा

"आमच्या गावाकडे दुर्लक्ष होतंय" या वाक्यावर कुठलाच अधिकारी सही करू शकत नाही. "अमुक उपकेंद्रात मंगळवारी आणि शुक्रवारी डॉक्टरांनी ओपीडी घ्यावी" या वाक्यावर करू शकतो. म्हणून प्रत्येक अडचणीला चार गोष्टी जोडा: नेमकं काय हवं, कुठे हवं, कधीपासून हवं आणि ते कुणाच्या अधिकारात आहे.

एका अर्जात दहा मागण्या घालू नका. दहातली सर्वांत सोपी मान्य होते, नऊ विसरल्या जातात आणि उत्तर येतं, 'मागणीची दखल घेतली आहे.' माझं मत विचाराल तर एका वर्षी तीनच मागण्या घ्याव्यात. एक मुक्त निधीतून लगेच होणारी, एक तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या, म्हणजे टीएचओंच्या अधिकारातली, आणि एक जिल्ह्याच्या आराखड्यात जाणारी. पहिली महिन्या-दोन महिन्यांत होते, त्याने गावाला बैठकीला यायची इच्छा राहते. तिसरीला वर्ष-दोन वर्षं लागतात.

साप चावल्यावरचं इंजेक्शन आणि कुत्रा चावल्यावरची लस यांच्याकडे खास लक्ष द्या. ऊसपट्ट्यात आणि जंगलपट्ट्यात दोन्हींची गरज पडते. ते आरोग्य केंद्रात शिल्लक आहे का, हे समितीने प्रत्येक बैठकीत विचारून इतिवृत्तात लिहून घ्यावं. यासाठी वेगळी मागणी करावी लागत नाही, फक्त विचारत राहावं लागतं.

ठराव

कर्नाटकात एका ग्रामपंचायतीत अनेक गावं असतात. मोठ्या गावाचा आवाज ग्रामसभेत चढतो आणि वाडीवरचा प्रश्न मागे पडतो. म्हणून आधी वॉर्डसभेत बोला. ती ग्रामसभेच्या आधी होणं अपेक्षित आहे आणि तिच्यातले विषय ग्रामसभेकडे जातात. ती होते तेव्हा बऱ्याचदा कुणालाच कळत नाही, त्यामुळे तारीख पीडीओंकडून लेखी विचारून घ्या.

ठरावाचा मजकूर घरून लिहून न्या. सभेत बसून लिहिला की त्यात 'आरोग्याच्या सोयी सुधाराव्यात' एवढंच उरतं. नमुना असा:

*विषय: पावसाळ्यात ______ वस्तीसाठी रुग्णवाहिका व डॉक्टरांची सोय.*
*______ या वस्तीत ______ कुटुंबे व ______ लोक राहतात. जवळचे आरोग्य केंद्र ______ कि.मी. अंतरावर असून जून ते सप्टेंबर या काळात तेथे पोहोचण्यास ______ मिनिटे लागतात. आशा कार्यकर्तीच्या नोंदीप्रमाणे या काळात ______ महिलांची प्रसूती अपेक्षित असून रक्तदाब व मधुमेहाचे ______ रुग्ण नियमित औषधांवर आहेत. सबब ही सभा ठरवते की, (१) जून ते सप्टेंबर एक रुग्णवाहिका ______ येथे उभी ठेवावी. (२) ______ उपकेंद्रात दर आठवड्याला ______ या दिवशी डॉक्टरांनी तपासणी करावी. (३) या मागण्यांचा जिल्हा आरोग्य कृती आराखड्यात समावेश करावा. ठरावाची प्रत तालुका आरोग्य अधिकारी, जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा पंचायतीचे मुख्य कार्यकारी अधिकारी व आमदार यांना पाठवून आलेले उत्तर पुढील सभेत वाचून दाखवावे.*

शेवटचं वाक्य वगळू नका. त्याने पुढच्या सभेचा विषय आजच ठरतो. ठरावाला क्रमांक पडला का ते बघा आणि सही-शिक्क्याची प्रत त्याच आठवड्यात मागून घ्या.

मराठीत की कन्नडमध्ये?

राज्यघटनेचं ३५० वं कलम सांगतं की राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत माणूस आपलं गाऱ्हाणं अधिकाऱ्यापुढे मांडू शकतो. म्हणजे मराठी अर्ज घेणार नाही असं कुणी काउंटरवर म्हणत असेल तर ते चूक आहे. पंधरा टक्के किंवा अधिक भाषिक अल्पसंख्याक असलेल्या भागात महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे संरक्षणही देशपातळीवर जुनं आहे. दवाखान्यातले फलक, मोफत सेवांची यादी आणि लसीकरणाच्या सूचना मराठीतही लावा, अशी मागणी आरोग्य रक्षा समितीत करता येते. पेशंटला गोळी कधी घ्यायची हे समजणं हा उपचाराचाच भाग आहे, अशीच ती मांडावी.

पण हक्क असणं वेगळं आणि काम होणं वेगळं. फाईल ज्या टेबलांवरून जाते तिथे ती कन्नडमध्ये वाचली जाते. म्हणून अर्ज दोन्ही भाषांत द्या, कन्नड वर आणि मराठी खाली. गावातली कन्नड माध्यमात शिकलेली पोरं हे तासाभरात करून देतात. भाषेचा लढा ज्यांना लढायचा त्यांनी लढावा, बाळंतिणीच्या अर्जावर तो लढू नये असं मला वाटतं.

माहिती अधिकाराचा नियम मात्र वेगळा. त्या कायद्यात अर्जाची भाषा इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा अशी दिली आहे. तिथे मराठीवर अडून बसलात तर अर्ज परत येईल.

तारखा चुकवू नका

ग्रामपंचायत विकास आराखड्याची मोहीम दरवर्षी २ ऑक्टोबरला सुरू होते आणि त्यात पुढच्या आर्थिक वर्षाची कामं ठरतात. 'निरोगी गाव' हा त्यातला एक ठरलेला विषय आहे, त्यामुळे आरोग्य आमच्याकडे येत नाही असं पंचायतीला म्हणता येत नाही. उपकेंद्राकडे जाणारा रस्ता, पाणी, वीज, शौचालय या आराखड्यात घाला. १५ व्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी स्थानिक संस्थांमार्फत आरोग्यावर ७०,०५१ कोटी रुपयांची शिफारस केली होती. त्यातून आपल्या तालुक्यात काय झालं हा ग्रामसभेत विचारण्याजोगा प्रश्न आहे.

जिल्ह्याच्या आरोग्य कृती आराखड्याचे आकडे साधारण ऑक्टोबर-डिसेंबरमध्ये गोळा होतात. तुमचा ठराव सप्टेंबर संपायच्या आत टीएचओंच्या टेबलावर हवा. २०२२-२४ पासून हे आराखडे दोन-दोन वर्षांचे होऊ लागले, त्यामुळे संधी हुकली तर पुढची लवकर येत नाही. मधल्या काळात पूरक मागणी मागवली जाते का, हे डीएचओ कार्यालयातल्या कार्यक्रम व्यवस्थापकाकडे विचारत राहा. नव्या आरोग्य केंद्राची मागणी याच्या बाहेरची आहे. ती आमदारांमार्फत, राज्याच्या अर्थसंकल्पाच्या आधी जायला हवी.

पाठपुरावा

अर्जाची पोहोच घ्या. पोहोच नसलेला अर्ज दिलाच नव्हता असं समजलं जातं. महिनाभर उत्तर आलं नाही तर त्या पोहोचेचा क्रमांक घालून स्मरणपत्र द्या आणि राज्य सरकारच्या १९०२ या जनस्पंदन क्रमांकावरही तक्रार नोंदवा.

खरा दबाव येतो तो केडीपी, म्हणजे कर्नाटक विकास कार्यक्रमाच्या आढावा बैठकीत. तालुक्याच्या केडीपी बैठकीत आमदार सगळ्या खात्यांचा आढावा घेतात आणि टीएचओंना उभं राहून उत्तर द्यावं लागतं. बैठकीच्या आधी आमदारांच्या कार्यालयात एका पानाचं टिपण पोहोचवा: ठराव क्रमांक, तारीख, मागणी, आजची स्थिती. एकच पान, कारण दुसरं कुणी वाचत नाही.

तेवढ्यानेही हललं नाही तर माहिती अधिकार. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. कर्नाटकात अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांत असावा असा नियम आहे, म्हणून 'का' विचारत बसू नका, कागद मागा: आरोग्य रक्षा समितीची गेल्या वर्षाची इतिवृत्तं, मुक्त निधीचा खर्च, डॉक्टरांची मंजूर आणि भरलेली पदं. एका अर्जात यातलं एकच. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.

जंगलातली गावं

भीमगडला २०११ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. तिथल्या वस्त्यांना आरोग्य खातं 'वन खात्याची परवानगी नाही' असं सांगतं आणि वन खातं 'प्रस्तावच आला नाही' म्हणतं. दोघांनाही एकाच अर्जात धरा. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये दवाखाना, अंगणवाडी, रस्ता, पाणी, वीज-दूरध्वनीच्या तारा अशा तेरा सोयींसाठी वनजमीन देता येते. जागा प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी हवी, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं पडता कामा नयेत आणि ग्रामसभेची शिफारस हवी. म्हणजे ठरावाशिवाय ही वाट उघडतच नाही. अभयारण्याच्या हद्दीत वन्यजीव कायद्याच्या अटी वेगळ्या लागतात, म्हणून जागा ठरवण्याआधी वनाधिकाऱ्यांना प्रत्यक्ष जागेवर बोलवा.

काही वस्त्यांच्या स्थलांतराची प्रक्रिया चालू आहे. तिथे पक्क्या बांधकामाची मागणी टिकणार नाही. ठरलेल्या वाराला येणारा फिरता दवाखाना मागा, आणि लोक तिथे राहतात तोवर तो बंद करू नये असं ठरावात लिहा.

आराखडा मंजूर होईपर्यंत एक पावसाळा तरी मधे जातोच. त्याची तयारी मे महिन्यात करा. जून ते सप्टेंबर तारीख असलेल्या बायांची यादी आशाताईकडे असते. त्यांनी तारखेच्या आठ-पंधरा दिवस आधी खानापुरात किंवा रस्त्यावरच्या गावात नातेवाइकांकडे राहायला जावं आणि ज्यांचं कुणी नाही त्यांच्या मुक्कामाची सोय समितीने बघावी. बीपी, शुगर, फिट्स आणि टीबीच्या रुग्णांना पावसाआधी जास्त दिवसांच्या गोळ्या मिळाव्यात असं सीएचओंना लेखी सांगा. प्रसूतीनंतर आई आणि बाळाला घरी सोडायला 'नगु-मगु' गाडी आहे. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषधं, जेवण आणि ही गाडी यांचे पैसे लागत नाहीत.

कोल्हापूर, मिरज, गोवा

कागवाडकरांना मिरज जवळ, निपाणीकरांना कोल्हापूरचं सीपीआर हे सरकारी रुग्णालय, लोंढ्याकडच्यांना गोवा. माणसं जाणारच, तेव्हा कागद तयार ठेवावेत. कर्नाटकच्या आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. एपीएल कुटुंबाला उपचाराच्या ठरलेल्या दराच्या ३० टक्के मिळतात, तेही वर्षाला दीड लाखापर्यंत. मोठ्या उपचारासाठी आधी सरकारी रुग्णालयाची चिठ्ठी लागते, आणीबाणीत नाही. ही चिठ्ठी न घेता थेट खासगी रुग्णालयात गेल्यावर सगळ्यात जास्त लोक अडकतात. केंद्राच्या आयुष्मान यादीतल्या कुटुंबांना दुसऱ्या राज्यातल्या मान्यताप्राप्त रुग्णालयातही कार्ड चालू शकतं, पण दाखल व्हायच्या आधी तिथल्या आरोग्यमित्राकडून, म्हणजे योजनेच्या मदतनिसाकडून, तसं तपासून घ्या. गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयाने २०१८ पासून परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लावलं आहे, त्या तयारीने जा.

महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचं ठरवलं. कर्नाटकाने हरकत घेतली आणि नोंदणीवरूनही वाद झाला. ज्यांना लाभ घ्यायचा आहे त्यांनी कोल्हापूर-सांगलीच्या रुग्णालयातल्या योजनेच्या कक्षात आधी फोन करून कोणती कागदपत्रं चालतात ते विचारावं. आणीबाणीत मात्र या भरवशावर निघू नये. बाहेर उपचार घेतलेल्या प्रत्येक पेशंटच्या डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स सीएचओंकडे ठेवा. पुढच्या गोळ्या इथल्याच केंद्रातून मिळायच्या असतात, आणि किती पेशंट कशासाठी बाहेर गेले याची संख्या सप्टेंबरच्या ठरावात घालता येते.